हुशार स्वमग्न मुलासाठी शाळा : जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या पालकांनी अनुभव सांगा

तापीकाठ | १२ एप्रिल, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही भुसावळला राहतो. मिस्टर रेल्वेत आहेत. लेक आठ वर्षांचा, जूनमध्ये तिसरीत जाईल. साडेचार वर्षांचा असताना ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं निदान झालं. बोलायला उशिरा लागला, पण अक्षरं त्याच्या आधीच ओळखायचा. तीन वर्षांचा असताना दुकानांच्या पाट्या वाचायचा आणि पाणी मात्र मागता यायचं नाही. माझा हात धरून माठापाशी न्यायचा.

सध्या त्याचं सगळं जग म्हणजे हतनूर धरण. पावसाळ्यात सकाळी पेपर आला की आधी विसर्गाचा आकडा बघतो. ४१ दरवाज्यांपैकी किती उघडले, किती मीटरनं उघडले, किती क्युसेक सोडले, हे सगळं एका जुन्या डायरीत मांडून ठेवतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, हे त्यानं कुठून तरी वाचलं. मग आमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी एक क्युसेकनं किती वेळात भरेल, तेही तोंडी काढलं. पस्तीस सेकंद. याच मुलाला शर्टाचं वरचं बटण लावता येत नाही आणि वहीत पाच ओळी लिहायला पाऊण तास लागतो.

आतापर्यंत गावातल्याच एका इंग्रजी शाळेत होता. वर्गात ५८ मुलं. बेल नेमकी यांच्या वर्गाच्या दारावर. ती वाजायच्या आधी पाच मिनिटांपासून हा कान दाबून बसतो, त्यामुळे त्या वेळात शिकवलेलं काही आत जात नाही. डायरीत शेरा यायचा, 'लक्ष देत नाही'. आणि गणितात ५० पैकी ४९ मिळाले की तोंडी शेरा, 'एवढा हुशार आहे, म्हणजे मुद्दाम करतो.' दिवाळीनंतर एकदा बेंचखाली जाऊन बसला. हात धरून ओढलं तेव्हा मॅडमला चावला. आम्ही दोघांनी जाऊन माफी मागितली. मार्चमध्ये ऑफिसात बोलावून सांगितलं, 'पुढच्या वर्षी दुसरीकडे बघा, अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात.'

ती वेगळी शाळाही बघून आलो. तिथल्या बाई इतक्या मायाळू की मला रडू आलं. पण याच्या वयाची मुलं तिथे रंग ओळखायला आणि डबा उघडायला शिकत होती. हा भिंतीवरचा नकाशा बघत उभा राहिला आणि तापी चुकीच्या जागी काढलीय असं सांगून आला. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'ताई, याला इथे आणू नका, याचं नुकसान होईल.'

मोठ्या शाळेला तो जास्त अपंग वाटतो, विशेष शाळेला जास्त हुशार. मग जायचं कुठे? आपल्या भागात काही आहे का? की पुणे-नाशिक गाठायचं? कृपया खरं खरं सांगा.

शिरपूरकर | १३ एप्रिल, सकाळी ७:१५

ताई, स्पष्टच लिहितो. वेळ घालवू नका, पुण्याला किंवा मुंबईला जा. ऑटिझमवर वेगळं काम करणाऱ्या संस्था तिकडे आहेत, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर, मुंबईत उम्मीद. ओटी (हाताची, रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच म्हणजे बोलण्याची थेरपी, मानसोपचारतज्ज्ञ सगळं एका शहरात मिळतं. आपल्याकडे ओटीसाठी मी दर शनिवारी पोराला घेऊन शिरपूर-धुळे एसटीनं जातो, आणि थेरपिस्ट सुट्टीवर असला की तो आठवडा गेला. मुलाची वर्षं परत येत नाहीत.

पांझराकाठ | १३ एप्रिल, दुपारी २:३०

मी धुळ्याची. माझा मुलगा आता चौदाचा आहे. आम्ही हे करून बसलोय म्हणून लिहिते.

तो सात वर्षांचा असताना मी त्याला घेऊन पुण्याला राहिले, दोन वर्षं. हे दुकानामुळे धुळ्यातच. थेरपी चांगली मिळाली, त्याबद्दल मी कुणाला नावं ठेवणार नाही. त्याचे हात लिहिते झाले ते तिथेच. पण शाळेच्या व्हॅनमध्ये जाताना तास, येताना सव्वा तास. हॉर्न, गर्दी, व्हॅनमधली बारा मुलं. घरी यायचा तो थेट बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायचा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही. दर रविवारी विचारायचा, 'पप्पा आज मंगळवारी येणार का?' वार चुकवत नाही तो कधी. त्याला काय म्हणायचं होतं ते मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात घरी आलो आणि परत गेलोच नाही. इथे एका लहान मराठी शाळेत घातलं, वर्गात २६ मुलं. पुण्याच्या थेरपिस्टकडे तीन महिन्यांतून एकदा जायचो, ती वहीत पुढच्या तीन महिन्यांचं लिहून द्यायची, मी आणि वर्गशिक्षिका ते करायचो. मुलगा आता नववीत आहे.

शिरपूरकर दादा, तुमचं चुकलं असं नाही. बोलत नसलेल्या, खूप मदत लागणाऱ्या लहान बाळाला सुरुवातीची दोन वर्षं रोज थेरपी मिळाली तर फरक पडतो. पण ताईंचा मुलगा आठचा आहे, बोलतो, शिकतो. त्याला दिवसातले सहा तास जिथे धास्तीशिवाय बसता येईल अशी जागा हवीय.

शिरपूरकर | १३ एप्रिल, रात्री ९:०५

वहिनी, पप्पा-मंगळवारचं वाचून गप्प झालो. तरी एक म्हणणं आहे. लहान शाळा चौथीपर्यंत ठीक, पुढे काय? पाचवी ते दहावी आपल्याकडे ऑटिझम कळणारा शिक्षक शोधून दाखवा. हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही.

फिरता शिक्षक | १४ एप्रिल, रात्री ११:२०

मी समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग मुलांना साध्या शाळेतच शिकवण्याचं काम करतो. यावल-चोपडा बाजूला गावोगावच्या शाळांत जातो. म्हणून थोडं आतलं सांगतो.

पहिलं म्हणजे ही फट का पडली. आपल्याकडच्या विशेष शाळांना मान्यता आणि अनुदान मिळालं ते प्रवर्गानुसार : अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग, मतिमंद. १९९५च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. शिक्षणाचे आणि आरक्षणाचे हक्क देणाऱ्या मुख्य कायद्यात मात्र आला २०१६ला, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात, २१ प्रकारांपैकी एक म्हणून. शाळा त्याच्या कितीतरी आधी उभ्या राहिल्या. म्हणून स्वमग्न मूल दिसलं की त्याला बौद्धिक अक्षमतेच्या रांगेत उभं करायची सवय लागली. तिथल्या बाईंनी तुम्हाला खरं सांगितलं, त्यांना माझा नमस्कार सांगा.

दुसरं, 'दुसरीकडे बघा' असं शाळा म्हणू शकत नाही. २०१६च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत, आणि शाळा जवळची साधी की विशेष, ही निवड तुमची. शिवाय शिक्षण हक्क कायद्यात प्रवेशासाठी मुलाची चाचणी, मुलाखत घ्यायला बंदी आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, नंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत. म्हणून शाळा असलं काही कागदावर देत नाहीत, तोंडी सांगतात. तुम्ही अर्ज करून लेखी उत्तर मागा. अर्ध्या शाळा तिथेच नरमतात. नाही नरमल्या तर गटशिक्षणाधिकारी, आणि त्यांच्याही वर पुण्याला दिव्यांग आयुक्त आहेत.

पण ताई, माझ्या मनातलं सांगू? कायद्याच्या जोरावर ज्या वर्गात तो बसेल तिथल्या बाईंच्या कपाळावरची आठी त्याला रोज बघावी लागेल. कायदा खिशात ठेवा आणि माणूस शोधा.

शोधायचं कसं, तर मधल्या सुट्टीत जा. वर्ग चालू असताना सगळ्या शाळा छान दिसतात. सुट्टीत एकटं पडलेलं मूल कुठे जाऊन बसतं आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष आहे का, ते बघा. मुख्याध्यापकांशी बोलाच, पण वर्गशिक्षकाला एकटं गाठून विचारा, 'मागच्या वर्षी एखाद्या मुलानं फार आरडाओरडा केला होता का? तुम्ही काय केलंत?' जो शिक्षक मुलाला काय झालं होतं ते सांगतो, तो आपला. जो फक्त आपण त्याला कसं गप्प केलं ते सांगतो, तिथून उठा.

शिरपूरकर भाऊ, सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं की दिव्यांग मुलं असलेल्या शाळांत प्राथमिकला दर १० आणि पुढे दर १५ दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. आम्ही मोटारसायकलवर गावं पालथी घालतो, एका शाळेत परत जायला कधी महिना उलटतो. तुमची काळजी खोटी नाही.

तापीकाठ | १५ एप्रिल, दुपारी १२:४०

सर, दोनदा वाचलं, मिस्टरांनाही वाचून दाखवलं. आमच्याकडे अजून दाखलाच काढलेला नाही. मिस्टर म्हणतात, गणितात पहिला येणाऱ्या मुलाला अपंगाचा दाखला कशाला? उद्या त्याच्या आड येईल. मीही आतून घाबरते, खोटं कशाला बोलू.

गिरणामाई | १५ एप्रिल, दुपारी ४:१०

चाळीसगावहून. आमच्या घरातही हेच झालं, सासरे तर दोन महिने बोलत नव्हते. दाखला हा मुलाच्या कपाळावरचा शिक्का नाही हो, कपाटात ठेवायचा कागद आहे. लागेल तेव्हा काढायचा. दहावीच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक त्याच कागदावर मिळतो. तुमच्या मुलाला उत्तर येतं आणि हात चालत नाही, त्याला तर हेच हवंय.

सिव्हिलमध्ये 'इसा' नावाची चाचणी करतात, ४० प्रश्नांची. ७० गुण किंवा जास्त आले तर ऑटिझम धरतात. त्यात आयक्यू किती ते बघत नाहीत, मूल लोकांशी कसं वागतं, आवाज-स्पर्श कसं सोसतं, कसं बोलतं ते बघतात. म्हणजे हुशार मुलालाही दाखला मिळतो. ऑनलाइन नोंदणी आधी करा, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) त्यातूनच येतं. जाताना मोबाइलमध्ये घरचे व्हिडिओ न्या. माझी मुलगी डॉक्टरांसमोर अर्धा तास शहाण्यासारखी बसली, 'हिला काय झालंय' म्हणून त्यांनी मलाच विचारलं. घरी येऊन तिनं चप्पल फेकून आरसा फोडला. मुलींचं असंच निसटतं, बाहेर दाबून धरतात.

आणि तुमचे मिस्टर रेल्वेत ना? केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला दिव्यांग अपत्याचा सांभाळ करायचा असेल तर नेहमीच्या फिरत्या बदलीतून सूट मागता येते. तिथेही दाखला लागतो. दादांना हे नक्की सांगा.

केळीबाग | १५ एप्रिल, रात्री ८:३०

आमच्या ओळखीत एकानं मुलाला दिल्लीकडे नेऊन स्टेम सेल (मूलपेशींचा उपचार) केलं, फरक पडला म्हणतात. नाहीतर निवासी गुरुकुलात टाका, शिस्तीनं सुधारतात अशी मुलं.

फिरता शिक्षक | १५ एप्रिल, रात्री ९:००

भाऊ, काळजीपोटी लिहिलंत हे कळतं, पण नका सुचवू. ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेल देऊ नये अशीच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची २०२२ची भूमिका आहे. लाखो रुपये जातात आणि मुलाला सुया टोचल्या जातात. आणि ज्याला रोजचं ताट, रोजचा वास, रोजची उशी बदलली तर त्रास होतो त्याला आठव्या वर्षी वसतिगृहात ठेवू नका. काय झालं ते तो सांगूही शकणार नाही.

शांतकोपरा | १६ एप्रिल, पहाटे ५:१०

मी पालक नाही. मी स्वतः स्वमग्न आहे. वय ३१. निदान सव्विसाव्या वर्षी झालं. आता हिशेबाचं काम घरून करतो. फोनवर बोलायला जमत नाही, लिहायला जमतं.

तापीकाठ ताईंच्या पोस्टमध्ये बेलचं वाचलं आणि झोप लागली नाही.

मी पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात शिकलो. झेडपीची शाळा, चौथीपर्यंत मिळून तीसेक मुलं, दोन गुरुजी. निंबाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, तोच टोल. पहिल्या वर्षी टोल पडला की मी शाळेतून पळून शेतात जायचो. दोनदा बापानं मारलं. गुरुजींनी मारलं नाही. त्यांना ऑटिझम हा शब्द माहीत नव्हता. एक दिवस त्यांनी मला विचारलं, 'टोल वाईट वाटतो की टोल कधी पडेल ते कळत नाही हे वाईट वाटतं?' त्या वयात मला इतकं नेमकं कुणी काही विचारलं नव्हतं. मी म्हणालो, कळत नाही ते. त्या दिवसापासून हातोडी उचलायच्या आधी ते माझ्याकडे बघून एक बोट वर करायचे. मी कान झाकायचो, टोल पडायचा, मी हात काढायचो. आठ-दहा सेकंदांचं काम. तिसरीत हातोडी त्यांनी माझ्या हातात दिली.

आठवीला तालुक्याच्या मोठ्या शाळेत गेलो. मार्क चांगले होते म्हणून कुणी काही विचारलं नाही. ती तीन वर्षं मला नीट आठवत नाहीत.

हुशार मुलाला लोक मार्कांवरून तपासतात. तुम्ही त्याला रोज शाळेतून आल्यावर तपासा. मार्क विचारू नका. लगेच बोलायला लावू नका. तो घरी आल्यावर पहिला तासभर काय करतो ते महिनाभर लिहून ठेवा. शाळा बरोबर आहे की नाही ते त्यात दिसतं.

आणि त्याचं हतनूर सोडवू नका. 'एकच एक विषय' म्हणून लोक ते बंद करायला सांगतील. मला लोकांशी पहिल्यांदा बोलता आलं ते बाजार समितीतल्या कापसाच्या भावांवरून.

तापीकाठ | १६ एप्रिल, सकाळी ६:२५

दादा, चहा गॅसवर ठेवून वाचत होते, उतू गेला. बेल वाईट की बेल कधी वाजेल ते कळत नाही हे वाईट, हे मी आई असून चार वर्षांत विचारलं नाही. आज विचारते.

पांझराकाठ | १६ एप्रिल, सकाळी १०:००

शांतकोपरा, तुमच्यासारखी माणसं लिहितात तेव्हा आम्हाला आमची मुलं कळतात. शिरपूरकर दादा, मोठ्या शाळेतली ती तीन वर्षं वाचलीत ना? तुमची भीती तीच आहे. आम्ही पाचवीला जायच्या आधी नव्या शाळेला चार पानी पत्र दिलं होतं : तो कशानं बिथरतो, कशानं शांत होतो, काय बोलू नये. आणि मे महिन्यात रिकाम्या शाळेत सहा-सात चकरा मारल्या. संडास कुठे, पाण्याची टाकी कुठे, जिना किती पायऱ्यांचा. एवढ्यानं सगळं सुटलं नाही, पण पहिला महिना निभावला.

तापीकाठ | १६ एप्रिल, रात्री १०:१५

विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही. तासाभरानं डायरी आणून दाखवली. मागच्या पानावर शाळेच्या बेलच्या वेळा होत्या, वर्षभराच्या. कुठे ११:०२, कुठे ११:०६, कुठे १०:५८. शिपाईकाका रोज वेगवेगळ्या मिनिटाला वाजवायचे. वर्षभर तो ते लिहीत होता.

अजून एक विचारते. स्पीचच्या मॅडमनी सांगितलंय, घरात एकच भाषा ठेवा, अहिराणी बंद करा. सासूबाई अमळनेरकडच्या, त्यांना अहिराणीशिवाय येत नाही. त्या म्हणतात 'भाऊ, जेवी ले', हा म्हणतो 'आजी, मी थोड्या वेळाने जेवणार आहे.' अगदी पुस्तकातलं. आता त्या त्याच्याशी बोलायलाच घाबरतात.

गिरणामाई | १७ एप्रिल, सकाळी ९:३०

आजीला बोलू द्या! दोन भाषा कानावर पडल्यानं स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडत नाही, हे आता अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलंय. घरातल्या माणसाची भाषा तोडली तर माणूसच तुटतो. माझी मुलगी शाळेत मराठी बोलते, गायीशी आणि आजीशी अहिराणी.

फिरता शिक्षक | १७ एप्रिल, सकाळी ११:००

ताई, सहमत. आणि तुमच्यापासून फार लांब नाही अशी एक झेडपी शाळा माझ्या डोळ्यांसमोर आहे. पट २३, दोन शिक्षक. नाव इथे टाकत नाही, निरोप पाठवतो. दोन्ही बाजू सांगतो. पट कमी असल्यानं शाळेवर कायम टांगती तलवार, आणि शिक्षकांच्या बदल्या होतात. आज आहेत ते सर चार वर्षांनी असतीलच असं नाही.

तापीकाठ | २१ जून, रात्री ९:४०

दोन महिन्यांनी लिहितेय. माफ करा.

मे महिन्यात सिव्हिलच्या तीन फेऱ्या झाल्या. दाखला मिळाला. मिस्टरांनीच रांगेत उभं राहून काढला, आणि बदलीच्या सवलतीचा अर्जही दिलाय. ओटीसाठी महिन्यातून दोन शनिवार जळगाव.

शाळा फिरता शिक्षक सरांनी सांगितली तीच. नातेवाईक नाराज आहेत. 'इंग्रजी शाळेतून काढून झेडपीत?' असं तोंडावर विचारतात. इंग्रजी तो स्वतःच वाचतो, त्याची मला चिंता नाही. चिंता आहे ती सरांच्या बदलीची आणि पाचवीची. ती आहेच.

सुट्टीत पाच वेळा रिकाम्या शाळेत गेलो. सासूबाईही आल्या. सरांनी त्यांनाच विचारलं, नातू कसा आहे. त्या म्हणाल्या, 'पोऱ्या येडा नही शे, त्याना कान भलता तिखा शेतस.' सरांनी ते वहीत लिहून घेतलं. अहिराणीतच.

शाळा १६ तारखेला उघडली. दोन दिवस सर टोलाच्या आधी बोट वर करत होते. तिसऱ्या दिवशी मी फाटकाबाहेर थांबले होते. टोल पडला तेव्हा याचे हात कानावर होते. मग मुलं बाहेर पळाली आणि हा झाडाकडे गेला. लोखंड अजून घुमत होतं. त्यानं दोन्ही तळवे त्यावर टेकवले आणि ते पूर्ण थांबेपर्यंत उभा राहिला. मग सरांकडे वळून म्हणाला, 'एकोणीस सेकंद.'

सर म्हणाले, 'उद्या परत मोजू.'

घरी आल्यावर पहिल्या तासात त्यानं काय केलं ते लिहून ठेवतेय, शांतकोपरा दादा. आज पायरीवर बसून शेंगा खाल्ल्या.